एकच सहाबारी, तीन पिढ्या : कोल्टचे १८७३चे रिव्हॉल्व्हर, जुने आणि नवे

१/२८
ऑगस्ट २०२१ मध्ये बोनहॅम्स या लिलावगृहाने एक जुने रिव्हॉल्व्हर साठ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले. शेरीफ पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१ रोजी न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनर येथे ‘बिली द किड’ला ज्या शस्त्राने ठार केले, ते हे शस्त्र. याच नमुन्याचे रिव्हॉल्व्हर त्यानंतर शंभर वर्षांनीही त्याच कंपनीत तयार होत होते. हातभर अंतरावरून पाहिल्यास दोन्ही जुळी भावंडे वाटावीत. मग फरक नेमका कशात आहे? आजचा थ्रेड त्याविषयी.

२/२८
शस्त्राचे नाव ‘कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मी’. लोकांच्या तोंडी ‘पीसमेकर’, म्हणजे शांतता प्रस्थापित करणारे. हे नाव लष्कराने दिलेले नाही. सिनसिनाटीच्या बी. किट्रेज या विक्रेत्या पेढीने जाहिरातीसाठी ते रूढ केले. शस्त्राच्या पहिल्या आख्यायिकेचा जन्म असा दुकानात झाला. पुढेही या शस्त्राच्या इतिहासात दुकान, रणांगण आणि पडदा यांची सरमिसळ वारंवार आढळते. ती वेगळी करणे हेच इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम.

३/२८
प्रथम ‘सिंगल अॅक्शन’ म्हणजे काय ते समजून घेऊ. या रचनेत चाप ओढल्याने एकच क्रिया होते : मागे ओढलेला घोडा सुटून काडतुसावर आदळतो. घोडा मागे ओढण्याचे काम प्रत्येक बारासाठी अंगठ्यानेच करावे लागते. घोडा मागे येताना सहा खणांचे सिलिंडर एका खणाने फिरते व पुढचे काडतूस नळीसमोर येते. ‘डबल अॅक्शन’मध्ये ही दोन्ही कामे एकटा चाप करतो. सिंगल अॅक्शनमधील भाग थोडे आणि चाप हलका; ती सैनिकाला उमजण्यास सोपी होती.

४/२८
सॅम्युएल कोल्टने फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचे अमेरिकी पेटंट १८३६ मध्ये मिळवले. १८६२ मध्ये तो वारला. म्हणजे त्याच्या नावाने सर्वाधिक गाजलेले हे रिव्हॉल्व्हर त्याने पाहिलेसुद्धा नाही. त्याच्या हयातीतील रिव्हॉल्व्हरे ठासणीची होती : प्रत्येक खणात सुटी दारू भरायची, वर शिशाची गोळी ठासायची, मागच्या बाजूस टोपी बसवायची. घोड्यावर बसून, पावसात, शत्रू समोर असताना हे करून पाहण्याची कल्पना करा.

५/२८
धातूच्या काडतुसाने हा सारा खटाटोप संपणार होता. पण त्यासाठी सिलिंडरचे खण आरपार कोरलेले हवेत, आणि त्या रचनेचे पेटंट रोलिन व्हाइटकडे होते. त्याचा परवाना स्मिथ अँड वेसन या प्रतिस्पर्धी कंपनीने घेतला होता. १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि कोल्टचा मार्ग मोकळा झाला. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ कल्पकतेने घडत नाही. कायद्याच्या तारखाही त्यात निर्णायक ठरतात, याचे हे उत्तम उदाहरण.

६/२८
कोल्टचा पहिला नवा नमुना वरून उघडा होता, म्हणजे सिलिंडरच्या वर धातूची पट्टी नव्हती. लष्कराला अधिक भक्कम सांगाडा हवा होता. हार्टफर्ड येथील कारखान्यात विल्यम मेसन या अभियंत्याने वर पट्टी असलेला बंदिस्त सांगाडा आखला. १८७३ मध्ये लष्कराने तो स्वीकारला व पहिल्याच करारात ८,००० नग मागवले. नळी साडेसात इंच, काडतूस .४५ कोल्ट. १८९१ पर्यंत लष्कराने एकूण सुमारे ३७,००० नग खरेदी केले.

७/२८
आता ‘पिढ्यां’कडे वळू. संग्राहक या रिव्हॉल्व्हरचे तीन मोठे कालखंड मानतात.
पहिली पिढी : १८७३ ते १९४०, सुमारे ३,५७,००० नग.
दुसरी पिढी : १९५५-५६ ते १९७४, सुमारे ७३,००० नग.
तिसरी पिढी : १९७६ पासून पुढे.
बाह्यरेखा तिन्हींची एकच. पण प्रत्येक पिढीचा गिऱ्हाईक वेगळा होता : पहिलीचा सैनिक, पोलीस व पशुपालक, दुसरीचा दूरचित्रवाणीचा प्रेक्षक, तिसरीचा संग्राहक व नेमबाज. शस्त्रातले बारकावे या बदलाची साक्ष देतात.

८/२८
पहिल्या पिढीच्या आतही जुने-नवे भेद आहेत. सर्वांत महत्त्वाचा भेद एका स्क्रूचा. सिलिंडर ज्या आसावर फिरते तो आस अगदी जुन्या नगांत सांगाड्याच्या पुढच्या बाजूने तिरप्या बसवलेल्या स्क्रूने धरलेला असतो. यास ‘ब्लॅक पावडर फ्रेम’ म्हणतात. १८९० च्या दशकात त्याजागी आडवी, स्प्रिंगची कळ आली. ती दाबली की आस हातानेच बाहेर येतो, पेचकस लागत नाही. छायाचित्रातही हा फरक ओळखता येतो.

९/२८
या नव्या सांगाड्यास ‘स्मोकलेस फ्रेम’ म्हणण्याची प्रथा आहे; पण नावाने फसू नये. कळ बदलली म्हणून पोलाद बदलले असे होत नाही. काळी दारू जाऊन बिनधुराची दारू आली, तिचा दाब वेगळा. कंपनीने नव्या दारूसाठी हमी देण्यास सुरुवात केली ती १९०० च्या सुमारास. त्यामुळे कळ असलेला, परंतु हमीपूर्व काळातला नगही सापडतो. जुन्या शस्त्रात आधुनिक काडतूस भरणे हा केवळ मूल्याचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो.

१०/२८
आणखी काही खुणा पाहू. सांगाड्याच्या डाव्या बाजूस पेटंटच्या तारखा कोरलेल्या असतात. आरंभीच्या नगांवर दोन तारखा : १९ सप्टेंबर १८७१ आणि २ जुलै १८७२. पुढे तिसरी जोडली गेली : १९ जानेवारी १८७५. रिकामी काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचे टोक आरंभी गोल, चकतीसारखे असे. १८८० च्या दशकात ते अर्धचंद्राकृती झाले. तारखा दोन पण दांडा अर्धचंद्राकृती, असे दिसले की जाणकार थबकतो : भाग नंतर बदललेला असावा.

११/२८
हीच ती साधनचिकित्सा. वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा अस्सल समकालीन कागदांना अधिक प्रमाण का मानले, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहे. येथे वस्तू हाच कागद. अक्षराचे वळण, शिक्का आणि तारीख परस्परांशी जुळतात का, हे जसे पत्रात पाहतात, तसेच येथे स्क्रू, दांडा, शिक्का आणि अनुक्रमांक जुळतात का हे पाहतात. एक खूण बनावट करता येते. सगळ्या खुणा एकमेकींशी सुसंगत ठेवणे बनावटखोराला फार कठीण जाते.

१२/२८
लष्करी नगांवर सांगाड्यावर ‘यू. एस.’ असा ठसा आणि तपासनिसाची आद्याक्षरे असतात. ऑर्व्हिल एन्सवर्थ या तपासनिसाने पारखलेले आरंभीचे नग संग्राहकांना विशेष मोलाचे वाटतात. कारण जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत सातव्या घोडदळाकडे जी रिव्हॉल्व्हरे होती, ती याच काळातल्या तुकड्यांमधली. साहजिकच खोटे ठसे मारलेले नगही बाजारात भरपूर आले.

१३/२८
लिटल बिगहॉर्नचा उल्लेख किमतीपुरता करून पुढे जाणे योग्य नव्हे. १८६८ च्या फोर्ट लॅरमी कराराने ब्लॅक हिल्सचा प्रदेश लकोटांचा मान्य केला होता. तेथे सोने सापडताच करार पायदळी तुडवला गेला. २५ जून १८७६ रोजी कस्टर आणि त्याच्या थेट हुकमतीखालील दोनशेहून अधिक जण लकोटा, शायान व अरापाहो योद्ध्यांकडून मारले गेले. त्या मोहिमेत प्रत्येक सैनिकाकडे कार्बाइनची १०० आणि रिव्हॉल्व्हरची २४ काडतुसे होती.

१४/२८
१९८३ मध्ये त्या रणभूमीवर वणवा लागून गवत जळाले आणि पुढच्या वर्षी पद्धतशीर उत्खनन झाले. सापडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांवरील घोड्याच्या टोकाच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली जुळवून कोणते शस्त्र रणभूमीवर कोठून कोठे सरकले, हे अभ्यासकांनी शोधले. मूलनिवासी योद्ध्यांकडे भराभर बार काढणाऱ्या हेन्री व विंचेस्टर बंदुका होत्या, हे त्यातून स्पष्ट झाले. ‘पश्चिम जिंकणारे शस्त्र’ ही बिरुदावली मिरवणाऱ्यांनी तो प्रदेश कोणाकडून हिरावला गेला हेही सांगायला हवे.

१५/२८
१८९२ मध्ये लष्कराने .३८ चे डबल अॅक्शन रिव्हॉल्व्हर स्वीकारले. जुने .४५ अडगळीत जाणार असे वाटत होते. पण १८९५ पासून कित्येक जुने नग कोठारांतून काढून, नळी साडेपाच इंचांपर्यंत कापून, दुरुस्त करून पुन्हा वाटण्यात आले. यांना ‘आर्टिलरी मॉडेल’ म्हणतात. फिलिपिन्समधील युद्धात .३८ ची गोळी अपुरी पडते अशा तक्रारी आल्या आणि हे जुने .४५ पुन्हा सैनिकांच्या कमरेला आले.

१६/२८
दुरुस्तीच्या वेळी सगळे भाग एकत्र खोलले गेले आणि पुन्हा जोडताना कोणता भाग कोणत्या नगाचा याची फिकीर कोणी केली नाही. म्हणून अस्सल आर्टिलरी मॉडेलचे अनुक्रमांक परस्परांशी जुळत नाहीत! घोडदळी नगात क्रमांक जुळणे ही अस्सलतेची खूण, तर येथे न जुळणे ही. नियम तोंडपाठ करून इतिहास कळत नाही; त्या नियमामागची हकीकत ठाऊक हवी, ती अशी.

१७/२८
नागरी बाजारासाठी अनेक प्रकार निघाले. १८७८ पासून .४४-४० चे काडतूस घेणारा ‘फ्रंटियर सिक्स शूटर’ आला. तेच काडतूस विंचेस्टर रायफलीतही चालत असल्याने दोन शस्त्रांसाठी एकच पट्टा पुरे. १८९४ मध्ये लक्ष्यवेधी नेमबाजांसाठी वेगळ्या मुठीचे ‘बिसली’ मॉडेल आले. नाव इंग्लंडमधील बिसली येथील नेमबाजीच्या मैदानावरून. पहिले महायुद्ध आले तोवर मात्र जग स्वयंचलित पिस्तुलांकडे वळले होते. मागणी घटत गेली आणि १९४० मध्ये उत्पादन थांबले. महायुद्धाच्या कामासाठी यंत्रे हलवली गेली.

१८/२८
येथे कथा संपायला हवी होती. पण ‘हाय नून’ (१९५२) आणि ‘शेन’ (१९५३) यांसारखे चित्रपट आले, पाठोपाठ दूरचित्रवाणीवर काउबॉय मालिकांची रांग लागली. प्रेक्षकांना पडद्यावरचे रिव्हॉल्व्हर हवे झाले आणि कोल्ट ते बनवत नव्हती! १९५४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ग्रेट वेस्टर्न कंपनीने नक्कल विकायला काढली. रूगर कंपनीने १९५३ मध्ये ‘सिंगल-सिक्स’ व १९५५ मध्ये ‘ब्लॅकहॉक’ आणले. मूळ निर्मात्याला आपलेच जुने शस्त्र पुन्हा घडवणे भाग पडले.

१९/२८
दुसऱ्या पिढीच्या अनुक्रमांकानंतर ‘एस. ए.’ ही अक्षरे येतात; पिढी ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण. यंत्रणा जवळजवळ पहिल्या पिढीचीच. पोलाद व काडतुसे मात्र नव्या काळाची :.४५ कोल्टबरोबर .३८ स्पेशल, .४४ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम. किंमत १२५ डॉलर. रूगरचे ब्लॅकहॉक ८७.५० डॉलरला मिळे. कोल्टचा गिऱ्हाईक अधिकचे पैसे नेमक्या कशासाठी मोजत होता? नाव आणि वारसा यांसाठी. शस्त्र आता स्मरणवस्तू बनले होते.

२०/२८
याच काळात इतिहासातील एक विलक्षण उलटापालट घडली. स्टुअर्ट लेक याने १९३१ मध्ये वायट अर्पचे चरित्र लिहिले. नेड बंटलाइन या लेखकाने अर्प व इतर चार कायदारक्षकांना बारा इंची नळीची खास रिव्हॉल्व्हरे भेट दिली, असे त्यात म्हटले होते. अर्पवर दूरचित्रवाणी मालिका आली, लांब नळीचे शस्त्र घराघरांत पोहोचले आणि १९५७ मध्ये कोल्टने खरोखरच बारा इंची ‘बंटलाइन स्पेशल’ बाजारात आणले.

२१/२८
गंमत अशी की त्या भेटीचा एकही समकालीन पुरावा संशोधकांना मिळालेला नाही. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनाच्या काळात कोल्टने सोळा इंची नळीची मोजकी रिव्हॉल्व्हरे बनवली होती, हे खरे. पण अर्पच्या भेटीचा त्यांच्याशी संबंध जोडणारा दुवा नाही. म्हणजे चरित्रातील कथेने मालिका घडवली आणि मालिकेने वस्तू. पुढे कोणी ती वस्तू दाखवून ‘पाहा, कथा खरी होती’ असे म्हणू लागला तर? बखर आधी, पुरावा नंतर! असा पुरावा हाती आल्यास त्याची जन्मतारीख आधी पाहावी.

२२/२८
तिसरी पिढी १९७६ मध्ये क्रमांक ८०,००० पासून सुरू झाली. यावेळी आतले भाग बदलले. नळीच्या आट्या इंचाला २० होत्या, त्या २४ झाल्या. सिलिंडर फिरवणाऱ्या पंजाचा आकार व त्याच्यासमोरचे दाते बदलले. पहिल्या दोन पिढ्यांत सिलिंडरच्या मध्यातील नळकांडे सुटे निघे. येथे ते आतच दाबून बसवले गेले. उत्पादन सोपे झाले. पण झीज झाल्यावर नळकांडे बदलण्याची सोय गेली, अशी रसिकांची तक्रार राहिली. पुढे कंपनीने सुटे नळकांडे पुन्हा आणले.

२३/२८
म्हणून ‘दुसरी चांगली की तिसरी’ हा वाद संग्राहकांत आजही रंगतो. उत्तर प्रश्नावर अवलंबून आहे. जुन्या नगासाठी सुटे भाग हवे असतील, तर पहिल्या दोन पिढ्या परस्परांना अधिक जवळच्या आहेत. काडतुसांची व नळ्यांची निवड हवी असेल, तर तिसरी पुरेशी. आणि १८७३ च्या कारागिराचा हात पाहायचा असेल, तर पहिलीला पर्याय नाही. तिच्यावरील निळसर झाक व सांगाड्यावरील रंगांच्या लाटा हाडे व कोळसा वापरून पोलाद तापवण्याच्या प्रक्रियेतून आलेल्या असतात. नव्याने मुलामा दिला की नग चमकतो, पण किंमत कोसळते.

२४/२८
आता सर्वांत गंभीर मुद्दा : सुरक्षितता. जुन्या रचनेत घोडा खाली असताना त्याचे टोक थेट काडतुसावर टेकते. घोड्याला किंचित उचलून धरणारी एक खाच असते. पण शस्त्र खाली पडले तर ती तुटू शकते आणि बार उडतो. जानेवारी १८७६ मध्ये विचिटा गावी खुद्द वायट अर्पचे रिव्हॉल्व्हर खोळीतून घसरले, घोडा आदळला आणि गोळी त्याच्या कोटातून आरपार गेली, असे तेथील वृत्तपत्राने छापले. म्हणून जाणती माणसे सहापैकी पाचच खण भरत व घोडा रिकाम्या खणावर ठेवत. ‘सहाबारी’ व्यवहारात पाचबारीच होती.

२५/२८
यावर उपाय फार पूर्वी सापडला होता. १८९० च्या दशकात आयव्हर जॉन्सन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरांत ‘ट्रान्सफर बार’ होता : घोडा व टाचणी यांच्यामध्ये एक पट्टी, जी चाप पूर्ण ओढल्यावरच वर येते. घोड्याचा आघात पट्टीतून टाचणीला पोहोचतो. पट्टी खाली असेल तर पोहोचतच नाही. सिंगल अॅक्शनवाल्यांनी मात्र जुनीच रचना चालू ठेवली. रूगरच्या जुन्या नमुन्यांतही ती होती. अपघात झाले, न्यायालयात खटले उभे राहिले.

२६/२८
१९७३ मध्ये रूगरने ‘न्यू मॉडेल’ आणले. ओळखण्याची खूण सोपी : जुन्याच्या सांगाड्यावर बाजूस तीन स्क्रू, नव्यावर दोन पिना. नव्यात काडतूस भरण्याचे दार उघडताच सिलिंडर मोकळे होते. घोडा अर्धा ओढावा लागत नाही. सहाही खण भरून शस्त्र जवळ बाळगता येते. १९८२ पासून कंपनी जुने नग विनामूल्य बदलून देऊ लागली व काढलेले मूळ भागही मालकाला परत देऊ लागली. पुढे नळीवर ‘वापरण्यापूर्वी सूचना वाचा’ असा मजकूरही कोरला गेला. रसिकांना तो खटकतो. पण तोही त्या काळाचा शिलालेखच आहे.

२७/२८
येथेच खरा पेच आहे. संग्राहकाला न बदललेला, तीन स्क्रूंचा, मूळ यंत्रणेचा नग हवा असतो. सुरक्षित केलेल्या नगाला बाजारात कमी किंमत येते. म्हणजे बाजार धोक्याला अस्सलतेचे मोल देतो! वस्तू काचेच्या कपाटात राहणार असेल तर तिचे मूळ रूप जपणे हे इतिहासाचे काम. ती हातात घेऊन वापरली जाणार असेल तर माणसाचा जीव आधी. परत मिळालेले मूळ भाग जपून ठेवणारा मालक दोन्ही धर्म पाळतो. कायदाही अशीच रेषा आखतो : अमेरिकी संघीय कायद्यानुसार १८९८ अखेरपर्यंत बनलेले शस्त्र पुराणवस्तू ठरते. ती रेषा पहिल्या पिढीच्या मधोमध जाते.

२८/२८
सारांश. या रिव्हॉल्व्हरची बाह्यरेखा दीडशे वर्षे टिकली, पण स्क्रू, आट्या, अक्षरे व पट्ट्या बदलत गेल्या आणि त्यांतून लष्कर, बाजार, पडदा व न्यायालय यांचा इतिहास वाचता येतो. विकत घेणाऱ्यासाठी कोल्टच्या जुन्या पाठवणी-नोंदींवरून कंपनीच देत असलेले पत्र हा सर्वांत भक्कम आधार : नग कधी, कोणाकडे, कोणत्या नळीसह रवाना झाला हे त्यात असते. पॅट गॅरेटच्या शस्त्राची किंमतही पोलादाची नव्हती. ते कोणाकडून कोणाकडे गेले याच्या अखंड साखळीची होती.
मित्रहो, पुढच्या वेळी संग्रहालयात एखादी तलवार वा ठासणीची बंदूक पाहाल, तेव्हा ‘ही कोणाची?’ या प्रश्नाआधी ‘हिचा कोणता भाग कोणत्या काळातला?’ हा प्रश्न विचारा. उत्तरे आणि शंका खाली अवश्य लिहा.